ताटातल्या तांदळावरचं नाव

(दृश्य : न्यायमंदिर, सकाळची वेळ)

सुरसागरच्या काठानं चालत आलं की ही इमारत दिसते. न्यायमंदिर. शंभरहून जास्त वर्षं बडोद्याचे कज्जे इथं चालले. ‘तारीख पडली’ हे शब्द या पायऱ्यांवर किती जणांनी ऐकले असतील! इमारतीचं पूर्ण नाव मात्र आपण विसरलो आहोत. चिमणाबाई न्यायमंदिर.

या चिमणाबाई महाराज सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या पत्नी. त्या तंजावरहून आल्या. माहेरचं नाव लक्ष्मीबाई. १८८५ साली, जेमतेम विशीत, त्या गेल्या. त्याच वर्षअखेरीला देवासच्या घाटग्यांची गजराबाई लग्न होऊन या घरात आली. तिचं सासरचं नावही चिमणाबाईच ठेवलं गेलं.

(दृश्य : ताटात पसरलेले तांदूळ, त्यात अंगठीनं नाव लिहिणारा हात)

हे आपल्या ओळखीचं आहे. ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. सगळे हसतात, नवरीही हसते. पण त्या दिवसापर्यंत जिला आई एका नावानं हाक मारत होती, ती मुलगी कुठे गेली, हे ताटाभोवती बसलेलं कुणी विचारत नाही. दोन मुली, दोन गावं, दोन आयुष्यं, आणि राजवाड्याला दोघींसाठी एकच नाव पुरलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

थोडं मागे जाऊ. १८७० साली खंडेराव महाराज वारले, तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर तो गादीचा वारस, म्हणून सगळं बडोदं वाट पाहत राहिलं. १८७१ मध्ये बाळ जन्माला आलं. मुलगी. नाव तारा. खंडेरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर राहिले. चार वर्षांनी इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं, आणि जमनाबाईंनी नाशिकजवळच्या कवळाण्याच्या गोपाळ नावाच्या मुलाला दत्तक घेतलं. तेच सयाजीराव. म्हणजे ज्या राजाला आपण स्त्रीशिक्षणाचा कैवारी म्हणून मानतो, त्याला गादी मिळाली ती एका मुलीला मिळू शकत नव्हती म्हणून. यात सयाजीरावांचा दोष काहीच नाही. पण आपली गोष्ट इथूनच सुरू होते.

सयाजीरावांनी केलं ते खरोखर मोठं आहे. १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत त्यांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केलं. मुलींसकट. मुलगी शाळेत नाही पाठवली तर बापाला दंड! त्या काळात हे ऐकून किती घरांत भांडी आपटली गेली असतील. आता कायद्यातले आकडे नीट पाहा. मुलग्यांना सक्ती सात ते बारा वर्षांपर्यंत, मुलींना सात ते दहा. दोन वर्षं कमी. पुढे ही वयं वाढवली गेली, पण पहिल्या कायद्यातली ती दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

माझी पणजी दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढली. दहावं सरलं आणि तिचं दप्तर माळ्यावर गेलं. तेवढ्या शिक्षणावर ती आयुष्यभर बाळबोध वाचत राहिली, दुपारी ओसरीवर बसून पोथीतल्या ओळीवरून बोट फिरवत. आणि कागदावर अंगठा उठवायची वेळ आली की म्हणायची, ‘अंगठा नको, मी सही करते.’ तीन वर्षांची शाळा, पण ती सही तिची स्वतःची होती.

बालविवाहाला आळा घालणारा कायदा बडोद्यात १९०४ साली झाला. मुलीचं वय बारा, मुलाचं सोळा. दंड भरून लोकांनी लग्नं लावणं थांबवलं नाही, लग्नाच्या खर्चात दंडाची रक्कम धरली जाऊ लागली. १९३१ साली हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्याची वाट बडोद्यानं उघडली. देशभरातल्या हिंदू स्त्रियांसाठी एकच असा कायदा यायला १९५५ उजाडलं.

(दृश्य : लक्ष्मीविलास राजवाडा)

आता घरातली गोष्ट. दुसऱ्या चिमणाबाईंनी पडदा सोडला. भारतीय स्त्रीच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक १९११ साली निघालं. पुढे १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा त्याच होत्या.

पण पुस्तक निघालं त्याच वर्षाच्या अखेरीला, दिल्ली दरबाराच्या दिवसांत, त्यांच्या मुलीनं, इंदिराराजेनं, ठरलेलं लग्न मोडलं. वर होता ग्वाल्हेरचा महाराजा, माधवराव शिंदे. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आणि आधीच विवाहित. इंदिरानं आईबापांना न विचारता थेट त्यालाच पत्र लिहिलं. तिला कूचबिहारचा राजकुमार जितेंद्र आवडला होता. आईबापांनी दोन वर्षं नकार धरून ठेवला. अखेर १९१३ साली लंडनमध्ये लग्न लागलं, तेव्हा आईबाप दोघंही तिथं नव्हते.

मी या दोघांना नावं ठेवत नाही. राज्यभरच्या मुलींसाठी कायदा करणं त्यांना जमलं, आपल्या मुलीचा ‘नाही’ ऐकणं जड गेलं. आपल्या घरांत आजही हेच होतं, फक्त राजवाडा नसतो.

(दृश्य : विद्यापीठाचा घुमट)

याच बडोद्याच्या दिवाणांची, मनुभाई मेहतांची मुलगी हंसा. बडोदा कॉलेजात शिकली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताची प्रतिनिधी झाली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात ‘ऑल मेन’ असं होतं. ‘मेन’ म्हटलं की बायका त्यात आल्याच, असा युक्तिवाद तेव्हाही होता. हंसाबेन अडून बसल्या. नंतर कुणीतरी ‘मेन’चा अर्थ फक्त पुरुष असा लावला तर? १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा शब्द होते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’. सगळी माणसं. पुढच्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन झाल्या.

एक शब्द बदलून काय होतं, असं कुणी म्हटलं की मला ताटातले तांदूळ आठवतात.

(दृश्य : जुन्या वाड्याचा दरवाजा, त्यावरची नावाची पाटी)

२००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच. कायदा स्पष्ट आहे. तरी वाडा विकायचा ठरला की बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतं. इथल्या महसुली नोंदीत त्याला ‘हक कमी’ म्हणतात. दोनच शब्द. बहुतेक बहिणी सही करतात, कारण भाऊबीजेला माहेरचं दार उघडं राहायला हवं. माझ्या आईनंही केली होती. हसत, चहा पिता पिता.

गेल्या वर्षी आमच्या आत्यापुढे तोच कागद आला. वय ब्याऐंशी. भाच्यांनी पेन हातात दिलं, फुली कुठे आहे ते दाखवलं. आत्यानं चष्मा लावला आणि गुजरातीतला तो मजकूर पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतला. खोलीत कुणी बोलेना. शेवटच्या ओळीला पोचल्यावर तिनं पेनला टोपण लावलं.

‘वाचलं रे. आता माझा हिस्सा किती, ते लिहून आणा. मग सही करते.’