बारीक अक्षरातली ओळ

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल 1981. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ दहा जण पकडले गेले. बंदुका, डायनामाइट आणि नाझी झेंडा घेऊन ही मंडळी बोटीने डॉमिनिका या चिमुकल्या बेटावरचं सरकार उलथवायला निघाली होती! हसू येतं ना? पण त्यांतला एक, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचा पुढारी डॉन ब्लॅक, तुरुंगात कॉम्प्युटर शिकला. 1995 साली त्याने ‘स्टॉर्मफ्रंट’ ही वेबसाइट काढली. काम एकच, गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार.

वाट मात्र आधीच पडली होती. 1984 मध्ये क्लॅनच्याच लुई बीमने फोनवरून जोडता येणारं कॉम्प्युटरचं जाळं उभारलं होतं. कॅनडाच्या सीमेवर द्वेषाची पत्रकं जप्त व्हायची. फोनची तार कोणता कस्टमवाला उघडून बघणार? या लोकांना यंत्राचं फार वेड होतं असं मला वाटत नाही. वर्तमानपत्रं दारात उभं करत नव्हती, म्हणून त्यांनी खिडकी शोधली.

आणि आत शिरले ते वेष पालटून. स्टॉर्मफ्रंटवाल्यांनी चक्क कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची वेबसाइट चालवली. पत्त्याच्या शेवटी संस्थांना शोभणारं ‘डॉट ऑर्ग’. विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजुषा, छापून शाळेत वाटायला पत्रकं. किंग यांच्यावर निबंध लिहायला बसलेलं पोर गूगलवर त्यांचं नाव टाकायचं, आणि वरच्या निकालांतच हे पान हजर. आत किंग यांची यथेच्छ बदनामी. कुठे शिवी नाही, आरडाओरडा नाही. सगळं कसं ‘खरा इतिहास’ सांगितल्यासारखं. पान कुणाचं, हे तळाशी बारीक अक्षरात एका ओळीत. खोटं म्हणाल तर तेही नाही, लिहिलेलं होतंच की! पण तळाची ओळ आपण मोठी माणसं तरी कुठे वाचतो?

2017 साली अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारानंतर स्टॉर्मफ्रंटचा पत्ता बंद केला गेला. काही आठवड्यांत साइट पुन्हा सुरू.

डॉन ब्लॅकच्याच घरातले डेरेक यांनी शाळकरी वयात स्टॉर्मफ्रंटचं मुलांसाठीचं पान सांभाळलं होतं. कॉलेजात एका ज्यू विद्यार्थ्याने त्यांना दर शुक्रवारी जेवायला बोलावलं. त्या जेवणांत वाद घातला जात नसे. 2013 साली डेरेक यांनी ही विचारसरणी सोडल्याचं जाहीर पत्र लिहिलं.

नमस्कार.