फॉर्टी–फिफ्टीन

श्रोतेहो, नमस्कार.

१४ जुलै २०१९ची संध्याकाळ. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पुरुष एकेरीची अंतिम लढत पाचव्या सेटमध्ये पोहोचली होती. सर्व्हिस, म्हणजे पहिला फटका मारून पॉइंट सुरू करायची पाळी, रॉजर फेडररची, समोर नोव्हाक जोकोविच. सेटमध्ये फेडरर ८–७ असा पुढे, आणि पंचांचा आवाज आला, ‘फॉर्टी–फिफ्टीन’. आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर श्वास रोखून बसले होते. माझ्या सासूबाईंनी जन्मभर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली आहे. त्या म्हणाल्या, “चाळीस-पंधरा? म्हणजे पंचवीसनं पुढे आहे की! आता कसला हरतोय तो?”

त्या क्षणी मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. मी मुलांच्या टेनिस स्पर्धांना पंच म्हणून जाते. हाच प्रश्न मला कोर्टाबाहेर बसलेले आईवडीलही विचारतात, जरा संकोचून. म्हणून आज ते उत्तर सविस्तर देते.

टेनिसचे पंधरा, तीस, चाळीस हे आकडे धावांसारखे मोजायचे नसतात, त्यांना पायऱ्यांची नावं समजा. पहिला पॉइंट जिंकला की फिफ्टीन, दुसरा जिंकला की थर्टी, तिसऱ्याला फॉर्टी आणि चौथा जिंकला की गेम. शून्याला म्हणायचं ‘लव्ह’. फ्रान्समधल्या जुन्या खेळात पंधरा, तीस, पंचेचाळीस असं मोजत, पुढे पंचेचाळीसचं चाळीस झालं. सर्व्हिस करणाऱ्याचा आकडा नेहमी आधी सांगायचा. तेव्हा फॉर्टी–फिफ्टीन म्हणजे फेडररचे तीन पॉइंट, जोकोविचचा एक. फेडरर पुढे होता तो फक्त दोन पॉइंटनी. मात्र विजेतेपद त्याच्यापासून एकाच पॉइंटवर होतं.

दोघंही फॉर्टीवर आले तर त्याला ‘ड्यूस’ म्हणतात. तिथून गेम घ्यायचा तर लागोपाठ दोन पॉइंट जिंकावे लागतात. पहिला जिंकला की ‘ॲडव्हान्टेज’, दुसरा जिंकला की गेम. दुसरा हरला तर पुन्हा ड्यूस. हे कितीही वेळा होऊ शकतं. एकच गेम दहा-पंधरा मिनिटं चाललेला मी पाहिलाय, आणि त्यात नऊ-दहा वर्षांची मुलं खेळत होती.

सहा गेम जिंकले की सेट, पण दोन गेमचा फरक हवा. ६–५ झालं तर ७–५ पर्यंत जावं लागतं. ६–६ झालं तर टायब्रेक. टायब्रेकमध्ये पॉइंट साधे एक, दोन, तीन असे मोजतात, आणि सातपर्यंत जो आधी पोहोचेल, अर्थात दोनच्या फरकानं, सेट त्याचा. बहुतेक सामने तीन सेटचे असतात, दोन जिंकले की झालं. ग्रँड स्लॅम, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत पुरुष एकेरीला मात्र पाच सेट असतात.

आता कोर्ट डोळ्यांसमोर आणा. लांबी ७८ फूट. एकेरीसाठी रुंदी २७ फूट. दुहेरीत दोन्ही बाजूंचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टेही खेळात येतात, म्हणजे रुंदी ३६ फूट होते. नेट खांबांपाशी साडेतीन फूट उंच असतं आणि मधोमध तीन फूट. ही अर्ध्या फुटाची उतरण मला फार महत्त्वाची वाटते. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका मारलेला चेंडू नेटच्या सखल भागावरून जातो, शिवाय त्याला पडायला जागाही लांब मिळते. रेषेला समांतर, सरळ मारलेल्या चेंडूला यातलं काहीच मिळत नाही. मोठे खेळाडू एवढे तिरके फटके का मारत राहतात, ते या मापांवरूनच कळतं.

सर्व्हिस करायची ती मागच्या रेषेच्या, म्हणजे बेसलाइनच्या पाठीमागे उभं राहून, समोरच्या तिरक्या चौकटीत. गेममधला पहिला पॉइंट उजव्या बाजूनं, दुसरा डाव्या बाजूनं, असं आलटून पालटून. प्रत्येक पॉइंटला दोन संधी. पहिली चुकली तर दुसरी. दुसरीही चुकली तर डबल फॉल्ट, आणि पॉइंट समोरच्याचा. चेंडूला रॅकेट लागण्याआधी पाय रेषेला लागला तर तोही फॉल्टच. सर्व्हिसचा चेंडू नेटला घासून बरोबर चौकटीत पडला तर ‘लेट’, म्हणजे ती सर्व्हिस पुन्हा. हेच रॅलीत, म्हणजे सर्व्हिसनंतर चेंडू इकडून तिकडे चालू असताना घडलं तर मात्र खेळ थांबत नाही. चेंडू रेषेला निसटता जरी लागला तरी तो आत. दुसरा टप्पा पडण्याआधी तो परतवायचा. टप्पा पडण्याआधी हवेतच मारला तरी चालतो, फक्त सर्व्हिस तेवढी टप्पा पडल्यावरच परतवायची.

सर्व्हिस करणाऱ्याचं पारडं जड असतं. म्हणूनच समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकण्याला ‘ब्रेक’ असं वेगळं नाव आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. फॉर्टी–फिफ्टीनला फेडररचा फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारलेला फटका, बाहेर गेला. फॉर्टी–थर्टी. पुढच्या पॉइंटला तो नेटवर धावला आणि जोकोविचनं चेंडू त्याच्या बाजूनं काढला. ड्यूस. गेमही जोकोविचनं घेतला, म्हणजे ब्रेक, आणि ८–८. त्या वर्षी विम्बल्डनला शेवटच्या सेटमध्ये १२–१२ झाल्यावर टायब्रेक, असा नवा नियम लागू झाला होता. वेळ तिथपर्यंत आली आणि टायब्रेक जोकोविचनं ७–३ असा घेतला. लढत ४ तास ५७ मिनिटं चालली.

आता बेरीज करून पाहा. ७–६, १–६, ७–६, ४–६, १३–१२. जोकोविचचे गेम ३२, फेडररचे ३६. पॉइंट जोकोविचचे २०४, फेडररचे २१८. चषक मात्र जोकोविचच्या हातात, कारण तिन्ही टायब्रेक त्याचे. काही जणांना हे अन्यायाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. टेनिसमध्ये प्रत्येक गेम लव्हपासून आणि प्रत्येक सेट शून्यापासून सुरू होतो. आधीच्या सेटमधली मोठी आघाडी पुढच्या सेटमध्ये नेता येत नाही, आणि इथे घड्याळाकडे बघून वेळ काढण्याचीही सोय नाही. शेवटचा पॉइंट कुणीतरी जिंकावाच लागतो. या खेळावर माझा जीव आहे तो यासाठीच.

शेवटच्या सेटला टायब्रेक नसायचा, तेव्हा काय व्हायचं तेही सांगते. २०१० साली विम्बल्डनलाच जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला, एकूण ११ तास ५ मिनिटं. शेवटचा सेट ७०–६८. ४७–४७ला गुणफलकच बंद पडला, एवढे आकडे त्याला माहीतच नव्हते. २०२२पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६–६वर दहा पॉइंटचा टायब्रेक असतो.

दहा पॉइंटचा टायब्रेक म्हटलं की मला ३० सप्टेंबर २०२३ आठवतो. चीनमधल्या हांगझोऊचे आशियाई खेळ, मिश्र दुहेरीची अंतिम लढत. आपली ऋतुजा भोसले आणि तिच्या जोडीला रोहन बोपण्णा. पहिला सेट २–६ असा गेला. दुसरा ६–३ असा घेतला. तिसऱ्या सेटऐवजी तिथे दहा पॉइंटचा टायब्रेक होता, तो १०–४ असा जिंकला आणि सुवर्णपदक आलं. पहिल्या सेटमध्ये चार गेमनं मागे पडलेली जोडी एक सेट जिंकून बरोबरीत आली, ती याच मोजणीमुळे.

एक नियम टीव्हीवर दिसत नाही, तो मात्र मला सांगायचाच आहे. मुलांच्या स्पर्धेत प्रत्येक कोर्टला पंच नसतो. आम्ही दोघं-तिघं सगळ्या कोर्टांवर फिरत असतो. सर्व्हिस करणाऱ्यानं प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्यानं सांगायचा, आणि आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते ज्याचं त्यानंच सांगायचं. शंका असेल तर चेंडू आत धरायचा, फायदा समोरच्याला.

गेल्या हिवाळ्यात मी जाळीबाहेर उभी होते. मातीचं कोर्ट, सकाळचे साडेआठ. दहा-अकरा वर्षांची मुलगी ५–४ अशी पुढे होती आणि सर्व्हिस तिचीच. तिनं बारीक आवाजात सांगितलं, “फॉर्टी–फिफ्टीन.” बरीच लांब रॅली झाली. समोरचीचा उंच चेंडू हिच्या बेसलाइनपाशी पडला आणि हिनं तो सोडून दिला. समोरची मुलगी एवढ्या लांबून काय बघणार? हिच्या मागच्या बाकावरून तिचे बाबा “आऊट!” म्हणून ओरडलेसुद्धा. पोरगी काही बोलली नाही. मागे वळली, चेंडूच्या वणापाशी वाकली. तांबड्या मातीत उमटलेला लांबट ठसा, आणि त्याचं टोक रेषेच्या पांढऱ्या पट्टीला जेमतेम भिडलेलं. बोट वर केलं असतं तर चेंडू बाहेर, आणि सामना तिचा. तिनं तळहात जमिनीकडे करून पसरला, म्हणजे चेंडू आत. खिशातून दुसरा चेंडू काढला, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“फॉर्टी–थर्टी,” ती म्हणाली. या वेळी आवाज चांगला मोठा होता.

पुढचा पॉइंट मला पाहता आला नाही, शेजारच्या कोर्टवरून मला हाक आली होती.

नमस्कार.