भातखाचरांवर उभं राहिलेलं उपनगर: पावसाचं पाणी जातं कुठे?

नमस्कार मंडळी! वाशी, नेरूळ, बेलापूर. आज जिथे सोसायट्या दिसतात, तिथे पूर्वी भातशेती आणि मिठागरं होती. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासईला आंदोलन पेटलं, 5 शेतकरी हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. त्यावर वेगळा व्हिडिओच हवा. आज बोलूया पाण्याबद्दल.

[पडद्यावर: खाडी, बांध, शेत यांचा छेद]

यातली बरीचशी खारजमीन. म्हणजे उधाणाच्या भरतीपेक्षा सखल. खाडीच्या कडेने चिकणमातीचा बांध, आणि बांधाच्या पोटात उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडपेची वाट. ही उघाडी नीट बघा. झडप वरच्या बाजूला टांगलेली असते. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त, म्हणून ती बाहेर ढकलली जाते आणि शेतातलं पाणी खाडीत उतरतं. भरती आली की खाडीचंच पाणी तिला घट्ट दाबून बसवतं. उघडायला-मिटायला माणूस लागत नाही, पण लक्ष ठेवायला लागतो. झडपेत एक ओंडका अडकला, तरी खारं पाणी आत. खेकड्यांनी बांध पोखरला, वर उधाण आलं, की खांड पडलीच. मग पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे हंगाम हातचे जातात. म्हणून तर इथे राता भातासारखे खारं सोसणारे वाण पेरत.

आता शहराकडे या. इथेही तीच युक्ती आहे, फक्त मोठी. नाले येतात धारण तलावात, तलावाच्या तोंडाला खाडीकडे उघडणारी झडपदारं. भरतीचे काही तास दारं बंद. तेवढ्या वेळात पडलेला पाऊस तलावात मावला पाहिजे.

हिशोब करून बघा. 1 हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे 100 टँकर! पूर्वी खाचरं त्यातलं बरंच पाणी धरून ठेवायची. काँक्रीटवरून ते लगेच नाल्यात धावतं. त्यात तलाव गाळाने उथळ झाले, गाळावर कांदळवन उगवलं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने परवानगीशिवाय गाळ उपसता येत नाही. कांदळवन राखायलाच हवं, ते किनाऱ्याची ढाल आहे. पण मुळात तलावांत गाळ साचू दिला, ही चूक देखभालीची. प्लास्टिक अडकून झडप अर्धवट उघडी राहिली तर भरतीचं पाणी उलट नाल्यातून रस्त्यावर येतं. पाऊस नसतानाही गटारातून पाणी वर येत असेल, तर आधी झडपेवर संशय घ्या.

भराव टाकून सेक्टर उंच झाले, तिथे शेजारचं जुनं गावठाण खोलगट पडतं. त्यामुळे घर बघायला गेलात तर फक्त इमारतीचं जोतं बघू नका, समोरच्या रस्त्याची पातळी बघा. वीजमीटरची खोली तळघरात आहे का, पाण्याच्या टाकीचं झाकण रस्त्यापेक्षा किती वर आहे, हेही विचारा.

जवळ धारण तलाव असेल तर मे महिन्यात, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ऐन ओहोटीला तिथे जा. त्या वेळी तलावाची पातळी खाडीपेक्षा वर दिसते, तरी दारातून पाणी बाहेर पडत नाही? मग दार अडकलंय. फोटो काढा, त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ लिहा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या.