जबडे असलेला पतंग

[दृश्य: ओलसर कुरणात उमललेलं बटरकपचं फूल, अगदी जवळून.]

पिवळंधमक फूल. मधोमध पुंकेसरांचा दाट झुबका. त्या झुबक्यात काहीतरी हलतंय. सोनेरी, थोडं जांभळट, उन्हात तांब्यासारखं लखलखणारं. एक दिसतो, मग दुसरा, मग लक्षात येतं की आख्खा घोळकाच जमलाय.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे छोटे भुंगेरे वाटतात. पण पंख बघा, उतरत्या छपरासारखे अंगावर तिरपे मिटलेले. पंखांची लांबी जेमतेम 4 मिलिमीटर. हे पतंग आहेत, भर दिवसा उडणारे. आणि या क्षणी ते चावून चावून खाताहेत.

[दृश्य: पतंगाचं डोकं, सूक्ष्मदर्शकाखाली.]

पतंग म्हटलं की सोंड आली. घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, फुलापाशी उलगडणारी, मध ओढून घेणारी. इथे ती शोधून सापडणार नाही. तोंडापाशी दोन लांब, सांधेदार अवयव आहेत, दुमडणारे आणि उलगडणारे. त्यांनी हा पतंग पराग गोळा करून तोंडाकडे ओढतो. परागकणाचं कवच चिवट असतं, आतला ऐवज हवा तर ते फोडावं लागतं. त्यासाठी याच्याकडे आहेत जबडे. खरेखुरे, दातेरी, चालणारे जबडे.

याचं नाव मायक्रोप्टेरिक्स कॅल्थेला. कुल मायक्रोप्टेरिजिडी. जगभरात या कुलातल्या साधारण 160 जातींना नावं मिळाली आहेत. युरोप, जपान, उत्तर अमेरिका, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा त्यांचा विस्तार आहे. काही जाती परागांवर जगतात, काही नेच्यांच्या बीजाणूंवर. जिथे ओल आहे, सावली आहे, तिथेच बहुतेकांचं घर.

एवढ्याशा जबड्यांनी शास्त्रज्ञांना मात्र बराच काळ कोड्यात टाकलं होतं.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1761 मध्ये या जातीला नाव दिलं तेव्हा तिला पतंगांतच ठेवलं. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले आणि शंका वाढत गेल्या. सोंड नाही. जबडे आहेत. बहुतेक पतंगांत मागच्या पंखांतल्या शिरा पुढच्या पंखांपेक्षा कमी असतात, इथे दोन्ही जोड्यांची शिरारचना जवळपास सारखी. बहुतांश पतंगांच्या मादीला मीलनासाठी एक आणि अंडी घालण्यासाठी दुसरं अशी दोन वेगळी छिद्रं असतात, हिला एकच. अळीसुद्धा सुरवंटासारखी दिसत नाही. शेवटी 1917 मध्ये टी. ए. चॅपमन या कीटकशास्त्रज्ञाने म्हटलं की हे पतंग नव्हेतच. त्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र गण सुचवला, झ्युग्लोप्टेरा. हा प्रस्ताव पुढची कित्येक दशकं चर्चेत राहिला.

इथे जरा थांबू या, कारण वर्गीकरणाची सगळी गंमत या एका मुद्द्यात आहे.

घरातली जुनी पेटी एका नातवाकडे राहिली आणि बाकीच्यांनी ती काढून टाकली, म्हणून पेटीवाला नातू परका ठरतो का? जबडे ही तशी पेटी आहे. कीटकांच्या फार जुन्या पूर्वजांकडे ती होती. मायक्रोप्टेरिजिडींनी ती जपली, इतर पतंगांनी सोडली. जुनं काय शिल्लक राहिलं यावरून नातं ठरत नाही. नातं ठरतं ते सगळ्यांनी मिळून कमावलेल्या नव्या गोष्टींवरून. अशी एक नवी गोष्ट या पतंगाच्या पंखांवर पसरलेली आहे: खवले. बोटाला लागते ती फुलपाखराची भुकटी, तीच. पतंगांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे कॅडिसफ्लाय, पाण्याकाठचे पतंगासारखे दिसणारे कीटक. त्यांचे पंख केसांनी झाकलेले असतात, याचे खवल्यांनी. पुढे जनुकांच्या अभ्यासाने निकाल पक्का केला. हे पतंगच आहेत. पतंग आणि फुलपाखरांच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याशी फुटलेली ही फांदी आहे. चॅपमनचा शब्दही वाया गेला नाही. झ्युग्लोप्टेरा हे नाव आज उपगणासाठी वापरतात.

आणि जबडे तर प्रत्येक पतंगाला आयुष्यात एकदा लाभतातच, अळी असताना. त्याच जबड्यांनी ती पानं कुरतडते. पुढे कोषात शरीर नव्याने घडतं आणि बहुतेकांचे जबडे तिथेच मागे पडतात. मायक्रोप्टेरिजिडींच्या कोषात मात्र उलटा प्रकार. तिथे जबडे आणखी मोठे होतात आणि बाहेर पडायची वेळ आली की त्यांनीच कोषाची भिंत कापली जाते.

[दृश्य: पंखांवरचे खवले, प्रचंड मोठे करून दाखवलेले.]

खवल्यांकडे परत येऊ. फुलपाखराचा खवला आतून पोकळ असतो, वरचा आणि खालचा पापुद्रा वेगळे आणि मध्ये जागा. या पतंगांचे खवले भरीव, दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटून गेलेले. ती सोनेरी-जांभळी झळाळी त्या पातळ थरामुळे येते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की रंग उमटतात ना, तोच प्रकार.

भरीव आणि पोकळ हा फरक किरकोळ वाटेल. पण उत्तर जर्मनीत जमिनीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यात संशोधकांना सुटे खवले सापडले, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचे. पंख नाहीत, शरीर नाही, नुसते खवले. ते उचलायचे कसे? सुईच्या टोकाला माणसाच्या नाकातला केस लावून. त्याच्या टोकाने एकेक खवला उचलून काचपट्टीवर ठेवला गेला. 2018 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्या ढिगात भरीव खवले होते आणि पोकळही. पोकळ खवले सोंडवाल्या पतंगांच्या गटात आढळतात. म्हणजे फुलं येण्याच्या कितीतरी आधी सोंडेची शाखा फुटलेली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. फुलं नव्हती, मग सोंड कशासाठी? कदाचित कोरड्या हवेत थेंबभर ओलावा टिपण्यासाठी.

वंश इतका जुना, म्हणून या कुलाला कुणी "जिवंत जीवाश्म" म्हणतं. मला ते पटत नाही. जीवाश्म थांबलेला असतो. हे पतंग कुठेही थांबलेले नाहीत.

[दृश्य: ओढ्याकाठचा ओला खडक, त्यावर हिरवा, चपटा थर.]

याचा पुरावा बघायला जपानला जाऊ. हा हिरवा थर लिव्हरवर्टचा आहे. मॉसची नातलग असलेली ही वनस्पती, मुळं नाहीत, फुलं नाहीत. तिच्यावर एक बारकी अळी सरकते आहे, इतकी संथ की कॅमेऱ्यालाही धीर धरावा लागतो. ती वरचा थर खरवडून खाते. जपानमध्ये या कुलाच्या वीसहून अधिक जाती एकाच प्रकारच्या लिव्हरवर्टवर वाढतात. हे चकित करणारं आहे. पानं खाणाऱ्या कीटकांत नवी जात तयार होण्याची नेहमीची वाट म्हणजे नवी वनस्पती पकडणं. इथे ताट तेच राहिलं आणि तरी जाती वेगळ्या झाल्या. हे पतंग दूर उडत नाहीत, ओल सोडत नाहीत. मध्ये डोंगर आला, समुद्र आला की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. एकाच ओढ्याकाठी दोन जाती शेजारी सापडणं म्हणूनच दुर्मीळ.

[दृश्य: न्यू कॅलेडोनियाचं दमट जंगल.]

प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर झायगोगायनम नावाची झाडं आहेत. सपुष्प वनस्पतींच्या एका फार जुन्या शाखेतली, खोडात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नलिकासुद्धा नसलेली. त्यांच्या फुलांत सबाटिंका या प्रजातीचे पतंग जमतात. 1985 मध्ये शास्त्रज्ञांनी याची नोंद प्रसिद्ध केली. पतंग इथे पराग खायला येतात, जोडीदारही इथेच शोधतात. खाताना सांडतं, अंगाला चिकटतं.

बघा, एक जोडी पाकळीच्या कडेला आली आहे. तिच्या मागे पुंकेसरांत अजून तिघं-चौघं डोकं खाली घालून खाण्यात गर्क. त्यातला एक वर येतो, स्पर्शिका झाडतो. पायांवर परागांची पिवळी पूड. पंख उघडतात, आणि तो शेजारच्या फुलावर उतरतो.