बांधावरचा फाल्गुन

(दृश्य: उजाडताना. दोन शेतांमधला बांध.)

हरभरा निघाला, ज्वारी काढून झाली. दोन्हीकडची रानं उघडी पडलीत. रंग उरलाय तो मधल्या पाच-सहा हात रुंदीच्या बांधावर.

हा पळस. कुठेही गेलं तरी ज्याला पानं तीनच, त्याच्या अंगावर आत्ता एकही नाही. नुसती फुलं. पाकळीला पोपटाच्या चोचीचा बाक, म्हणून संस्कृतात ह्याचं नाव किंशुक, 'हा पोपट तर नव्हे?' वास नाही, मध मात्र भरपूर, आणि तो पाखरांसाठी. साळुंकी, बुलबुल, शिंजीर एकाच झाडावर बघा.

आणि ह्या काळ्या डोक्याच्या, गुलाबी पाठीच्या भोरड्या. मध्य आशियातून हिवाळ्यापुरत्या येतात. ज्वारीवर उतरल्या की शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो. तेवढंच लक्षात राहतं. ह्याच भोरड्या नाकतोडे टिपतात, आणि परत निघण्याआधी पळसावर अशा तुटून पडतात की त्यांचं दुसरं नाव पडलंय पळसमैना. मधात चोच बुडवली की परागाची धूळ लागते आणि पुढच्या झाडावर पोचते.

(पाखरांचा आवाज. निवेदन नाही.)

आता खाली, रुईपाशी. शनिवारी मारुतीच्या गळ्यात हिच्याच पानांची माळ असते. तिसरं लग्न अशुभ मानायचे, म्हणून नवऱ्याचं लग्न आधी रुईशी लावायचे. अर्कविवाह म्हणत त्याला.

फूल जवळून बघा. मधोमध पंचकोनी खांब, त्याच्या कडांना बारीक फटी. इथला पराग सुटा नसतो. मेणचट पुड्यांची जोडी, वर एक इवलासा चिमटा. भुंगा मधासाठी टेकतो, पाय फटीत घसरतो. हिसका देऊन तो पाय सोडवतो, आणि चिमटा पायाला अडकून पुड्यांसकट बाहेर येतो. पुढच्या फुलाच्या फटीत त्यातली पुडी रुतून बसते. आता कुठे रुईला फळ धरणार. हा हिसका द्यायला भुंग्याचंच बळ लागतं, आणि भुंग्याला घर लागतं वाळक्या लाकडात. बांधावरचा वठलेला बुंधा म्हणूनच मोलाचा.

पान उलटलं. काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली ही अळी प्लेन टायगर फुलपाखराची. रुईचा विषारी चीक हिला बाधत नाही. ते विष ती अंगात साठवते, आणि पाखरं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

कुंपणावर चढलेली ही गुंज. शेंगा वाळून उकलल्यात. लाल बी, टोकाला काळा ठिपका. सोनाराचं जुनं माप हेच: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. बी जहाल विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नका.

उन्हाळ्यात बांध पेटवतात. काडी लावण्याआधी रुईचं एक पान उलटून बघा.

ह्याच बांधाचा पलीकडचा अर्धा भाग जेसीबीने सपाट केला. आता तिथे तार आहे.

(तार. मग उरलेला बांध, पळस, भोरड्या. फक्त आवाज.)