विहिरीकाठची डोण

(दृश्य: फार्महाऊसच्या हिरवळीवर काळ्या दगडाची डोण. पाण्यावर कमळाची पानं.)

ही डोण, गुरांना पाणी पाजायचं दगडी भांडं. आज हिच्यात कमळं आहेत. पण काठावरून हात फिरवून बघा. आतून टाकीचे घाव हाताला खरखरीत लागतात, आणि इथे काठ मात्र गुळगुळीत. हे पाथरवटाचं काम नव्हे. गुरांच्या माना घासून घासून आलेली ही झिलई.

विहिरीवर मोट चालायची तेव्हाची ही वस्तू. मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटाने शेतात, आणि त्यातलंच थोडं डोणीत, बैलांसाठी.

दगड आपल्या सह्याद्रीचाच, बसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. 4 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड फूट उंच असा अखंड दगड जवळपास एक टन भरतो. छिन्नी-हातोड्याने पोखरल्यावरही 600 किलोंच्या आसपास उरतो. म्हणून डोण एकदा मांडली की कायमची. मोटेच्या जागी पंप आले, गोठे रिकामे झाले, आणि मग क्रेनने उचलून तिचा शहराकडे प्रवास सुरू झाला.

(दृश्य: नाणेघाट. वाटेकडेचा दगडी रांजण.)

दगड पोखरून भांडं करायची ही रीत जुनी. जुन्नर-कल्याण वाटेवरच्या या रांजणात सातवाहनकाळी जकातीची नाणी पडत, असं सांगतात.

(दृश्य: बागेतली पायवाट. पावलांसाठी मांडलेल्या जात्याच्या तळ्या.)

हे मात्र बघवत नाही. लग्नघरी हळद दळण्याआधी ज्या जात्याची पूजा होते, त्यावर चपला घालून चालायचं? त्यापेक्षा उखळात तुळस लावा, जात्याच्या खुंट्याला हात लावून पोरांना ते फिरवू द्या. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाची शिळा, ती तर बागेत आणूच नका. ती सजावट नाही, गावाने कुणासाठी तरी उभारलेली आठवण आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी शिल्पं 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात.

आणलेल्या डोणीला अ‍ॅसिड लावू नका, पॉलिशही नको. दगड चकचकीत होतो, पण ते टाकीचे घाव जातात. मग सिमेंटची कुंडी काय वाईट होती? नारळाच्या शेंड्या आणि पाणी एवढं पुरतं. साचलेल्या पाण्यात डास होतात, तेव्हा चार गप्पी मासे सोडायचे.

(दृश्य: दुपार. उघडं राहिलेलं फाटक.)

फाटक उघडं राहिलं की शेजारच्या शेतातली गाय आत येते. हिरवळीकडे ढुंकून बघत नाही. सरळ डोणीपाशी जाते, नाकाने कमळाचं पान बाजूला सारते, आणि काठावर मान टेकवून पाणी पिऊ लागते.