फोनला तोंड आहे

भिंतीला कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्हा अंधांच्या फोनला तोंड आहे, पडद्यावरचं सगळं तो आम्हाला वाचून दाखवतो, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि वर पुन्हा पडद्यावर लख्ख उजेड! तो कुणासाठी? मला तर दिसत नाही. म्हणजे ज्याचा फोन तो सोडून बाकी सगळ्यांची सोय.

मागे एकदा रेल्वेने चाललो होतो. मोठ्या बहिणीला मेसेज लिहीत होतो, कर्जाच्या हप्त्याबद्दल. कानात इअरफोन होता, त्यामुळे मी निर्धास्त. शेजारचे गृहस्थ थोड्या वेळाने खाकरले आणि म्हणाले, "व्याज जरा जास्तच लावलंय हो तुम्हाला." मी गार! त्यांनी मग मुदत किती, जामीन कोण, सगळं विचारलं. सल्लाही दिला, आणि खरं सांगतो, सल्ला वाईट नव्हता. उतरताना म्हणतात, "ताईंना नमस्कार सांगा." आता या माणसावर रागवायचं तरी कसं? हसा, हसा. मीही हसलो, पण घरी गेल्यावर.

परतीच्या प्रवासात पडदा काळा करून बसलो. तर दुसरे एक सज्जन. "अहो, तुमचा फोन बंद पडलाय, उगाच बोटं फिरवताय." मी म्हटलं, चालू आहे. ते हळूच बायकोला म्हणाले, "बिचाऱ्याला कळत नाहीये." डोळस माणसाला उजेड दिसला नाही की यंत्र मेलं! यावर मी तासभर बोलू शकतो...

काय? चिठ्ठी आलीय? आयोजकांनी मला चिठ्ठी पाठवलीय! वाचा कुणीतरी. पाच मिनिटं. बरं.

मग भराभर सांगतो. आयफोनवर व्हॉइसओव्हर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की स्क्रीन कर्टन लागतो. पडदा काळा होतो, पण स्पर्श आणि आवाज चालूच राहतात. झूम, म्हणजे पडदा मोठा करून दाखवणारी सोय, तीही चालू असेल तर चारदा टॅप करायचं. पुन्हा तेच केलं की पडदा उजळतो. अँड्रॉइडवर वाचून दाखवायचं हेच काम टॉकबॅक करतो, त्याच्या मेनूत 'स्क्रीन लपवा' शोधा.

पण हा झाला डोळ्यांचा बंदोबस्त. काळ्या पडद्याआडून फोन ओटीपी खणखणीत वाचणारच. इअरफोन नसेल तर आयफोनवर तीन बोटांनी दोनदा टॅप करा, बोलणं थांबतं. झूम चालू असेल तर इथे तीनदा. टॉकबॅकमध्ये पासवर्ड मोठ्याने वाचायचा की नाही, याची वेगळी सेटिंग आहे, ती बंद ठेवा. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसू देऊ नका.

ब्रेल येणाऱ्यांची तर चैनच आहे. व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक दोन्हींत पडद्यावरच ब्रेल टाइप करता येतं. फोनचं तोंड समोर, पाठ आपल्याकडे, सहा बोटं पडद्यावर. एकेका अक्षरावर बोट थांबवून ते ऐकत बसायला नको. माझ्या मते पासकोड टाकायला याहून चांगली पद्धत नाही, पण ब्रेल शिकायचा कंटाळा, त्याला मी काय करू?

रस्त्यावर दोन्ही कान बंद करू नका, गाड्या कोण ऐकणार? बोन कंडक्शन हेडफोन, म्हणजे हाडातून आवाज पोचवणारे, कान मोकळे ठेवतात, पण आवाज चढवला की तेही शेजाऱ्याला ऐकू जातात. घेण्याआधी कुणाला तरी शेजारी बसवा, ओटीपी वाचायला लावा आणि विचारा, आकडे काय होते? हां, मागून कुणीतरी प्रश्न विचारतंय, जरा मोठ्याने बोला.